प्रभागात बेघर निवारा हवा आहे: मागणी कुठून सुरू करायची, आणि पुढे घरांचं काय?

प्रश्न · दारचा_वाटाड्या

शहर महाराष्ट्रातलं, लोकसंख्या सुमारे बारा लाख. प्रभागात एसटी स्टँड, घाऊक भाजी मंडई आणि एक लांबलचक उड्डाणपूल. तिन्ही ठिकाणी रात्री माणसं झोपतात: मंडईतले हमाल, लसूण-मिरची निवडणाऱ्या बायका, सिग्नलवर फुगे विकणारी कुटुंबं, काही एकटे वृद्ध. महापालिकेचा निवारा आहे, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत. मंडईत पहाटे चारला गाडी उतरवणारा माणूस तिथे झोपायला जाणार नाही हे उघड आहे.

नागरिकांचा गट तयार आहे. ब्लँकेटवाटप, जेवण वगैरे कुणी ना कुणी करतंय, त्याबद्दल विचारत नाहीये. विचारायचं ते असं: प्रभागात निवारा द्यायचं महापालिकेवर बंधन आहे का, आणि ते कागदावर कसं दाखवायचं? माणसं मोजायची कशी, म्हणजे अधिकारी ‘हे तर प्रवासी आहेत’ म्हणून उडवून लावणार नाहीत? सोसायट्यांचा विरोध होणार, त्याचं काय? आणि निवारा म्हणजे काही घर नव्हे. परवडणाऱ्या घरांसाठी याच गटाने काही मागता येतं का, की तो वेगळाच लढा?

---

नस्तीबंद

बंधन आहे, पण ते एका कायद्याच्या एका कलमात सापडत नाही. न्यायालयाचे आदेश आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचना जोडून दाखवावं लागतं.

पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध भारत सरकार (रिट याचिका १९६/२००१) हे मुळात अन्नाच्या हक्काचं प्रकरण. त्यातच २०१० साली दिल्लीतल्या थंडीच्या निमित्ताने निवाऱ्यांचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास चालणारा, हे प्रमाण तिथून आलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते उचललं: लाखामागे किमान १०० जणांची सोय, एक निवारा ५० ते १०० जणांचा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि निवारा जिथे बेघरांची वस्ती दाट तिथे, म्हणजे स्टेशन, बस स्थानक, बाजार यांच्या जवळ. हे शेवटचं वाक्य तुमच्या कामाचं. जकात नाक्यावरचा निवारा योजनेच्या स्वतःच्या निकषात बसत नाही, हे तुम्ही त्यांचाच कागद दाखवून सांगू शकता.

आता हिशेब. बारा लाखांना १,२०० जणांची सोय. ५० चे चोवीस निवारे किंवा १०० चे बारा. यात एक खुबी: महापालिका ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ म्हणून जुना आकडा पुढे करते. त्याच महापालिकेचा पाणीपुरवठ्याचा किंवा मलनिस्सारणाचा प्रस्ताव काढा. निधी मागताना लोकसंख्या नेहमी चढी धरलेली असते. तोच आकडा निवाऱ्याच्या निवेदनात वापरा, पान क्रमांकासकट.

क्षमतेचाही हिशेब तपासा. १,२०० चौरस फुटांच्या जागेत ५० खाटा दाखवल्या असतील तर निकषाने ती २४ जणांची जागा आहे. दुमजली खाटा लावून आकडा फुगवलेला असतो.

माहितीचा अधिकार आधी, निवेदन नंतर. उलट क्रमाने गेलात तर निवेदनाला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं आणि तुमच्या हातात खोडायला काही नसतं. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा तीन वेगळे अर्ज करा:

पहिला: शहरातील सर्व बेघर निवाऱ्यांची यादी, पत्ता, चटई क्षेत्र, मंजूर क्षमता, आणि गेल्या बारा महिन्यांच्या हजेरी नोंदवहीच्या प्रती.
दुसरा: शहरी बेघरांच्या शेवटच्या सर्वेक्षणाचा अहवाल, सर्वेक्षणाच्या तारखा, ते कोणत्या संस्थेने केलं त्या कार्यादेशाची प्रत.
तिसरा: निवाऱ्यांचं अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (म्हणजे त्या खर्चाचं स्वतंत्र खातं), तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च.

‘निवारा का बांधला नाही’ असं विचारू नका. ‘का’ हा प्रश्न म्हणजे माहिती नव्हे असं सांगून अर्ज निकाली निघतो. किती, कुठे, कधी, आणि ‘प्रत द्यावी’, एवढंच. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथली रांग लांब असते, म्हणून पहिलं अपीलच नीट मुद्देसूद लिहा आणि सुनावणीला जा. अर्ज कुठे? बहुतेक महापालिकांत हा विषय समाज विकास किंवा नागरी समुदाय विकास विभागाकडे असतो, तिथेच शहर अभियान व्यवस्थापन कक्ष बसतो.

लेखाशीर्षाचा अर्ज टाळू नका, खरा अडथळा तिथे असतो. योजनेतून निवारा चालवायचा खर्च पाच वर्षांसाठीच धरलेला होता. पुढे तो महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून करायचा. स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर तो कुठल्या तरी ‘इतर सामाजिक उपक्रमां’त कोंबला जातो आणि मार्चमध्ये वळता होतो. आयुक्त फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात. विभागांच्या मागण्या त्याआधी दोन-तीन महिने गोळा होतात. म्हणून दिवाळीच्या आसपास तुमचं निवेदन आत असायला हवं. जानेवारीत मोर्चा काढून उपयोग फार कमी.

जनहित याचिका लगेच करू नका. सर्वोच्च न्यायालयात ई. आर. कुमार हे बेघर निवाऱ्यांचं प्रकरण (रिट याचिका ५५/२००३) चाललं, २०१६ मध्ये न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली गेली, मुद्दा होता की पैसे राज्यांकडे असूनही निवारे का उभे राहत नाहीत. आदेशांची कमतरता नाही. तुमच्या शहरापुरती आकडेवारी नसते, ती तयार झाली की बरंच काम महापालिका पातळीवरच हलतं.

---

रात्रपाळी

मोजणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण निवारा तिथेच मिळतो किंवा हुकतो.

आधी सरकारी आकडा काय आहे ते समजून घ्या. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात १७.७३ लाख, त्यातले ९.३८ लाख शहरांत. महाराष्ट्रात सुमारे २.११ लाख. जनगणनेची व्याख्या चांगली आहे: रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर उघड्यावर राहणारे. अडचण पद्धतीत आहे. एका रात्रीत, वस्ती ठाऊक नसलेल्या प्रगणकाकडून, जे दिसलं ते मोजलं. पोलिसांच्या भीतीने लपणारे, रात्री कामावर असलेले, आणि मुख्य म्हणजे बायका त्यातून निसटतात. एकटी बाई रात्री उघड्यावर आडवी होत नाही. उजेडाखाली बसून रात्र काढते आणि दुपारी झोपते.

पहिलं काम दिवसा: नकाशा. चहाची गाडी, रिक्षा स्टँड, दुकानांचे राखणदार यांना विचारा. सगळ्यात नेमकी माहिती सार्वजनिक शौचालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याकडे. सकाळी पाच ते सात पैसे देऊन आंघोळ करणारे कोण, किती, बायका किती, हे त्याला तोंडपाठ असतं. त्यावरून प्रभागाचे असे तुकडे पाडा की एक तुकडा पायी दोन तासांत संपेल.

प्रत्येक तुकड्याला तिघं, त्यात किमान एक बाई. एक बोलणार, एक लिहिणार, तिसऱ्याने रस्ता आणि तुकड्याची हद्द सांभाळायची, नाहीतर पुलाचा एकच खांब दोन गट मोजतात. पोलीस ठाण्याला आदल्या दिवशी लेखी कळवा, पोहोच घ्या, पण सोबत पोलीस नकोत. गणवेश दिसला की निम्मी माणसं उठून चालू लागतात.

वेळ रात्री साडेअकरा ते साडेतीन. त्याआधी मंडईची आवराआवर आणि शेवटच्या गाड्यांचे प्रवासी असतात, चारनंतर ट्रक लागतात आणि हमाल उठतात. दोन रात्री घ्या, मध्ये किमान आठवडा: एक चालू बाजाराचा वार, एक मंडई बंद असलेला वार. जत्रा, मोठा सण, लग्नसराईचा मुहूर्त टाळा. दोन रात्रींची बेरीज कधीच करू नका, दोन्ही आकडे वेगळे द्या. मागणीसाठी मोठा आकडा धरा आणि तसं स्पष्ट लिहा. शिवाय जुलैत एकदा पुन्हा. पावसाळ्यात माणसं पदपथावरून दुकानांच्या पत्र्याखाली, एसटीच्या फलाटावर सरकतात. उन्हाळ्यातल्या मोजणीवरून जागा ठरवली तर ती चुकीच्या टोकाला पडू शकते.

झोपलेल्याला उठवायचं नाही, तोंडावर बॅटरी मारायची नाही, फोटो नाही. तक्त्यात रकाने: ठिकाण, स्त्री/पुरुष, मूल/प्रौढ/वृद्ध (अंदाजाने), एकटा की कुटुंब, दिसणारं अपंगत्व, कशावर झोपला आहे (फरशी, पुठ्ठा, हातगाडी, खाट). एका पांघरुणाखाली किती हे कळत नाही. चपला मोजायचा मोह होतो, पण मुलं अनवाणी असतात आणि चपला लोक उशाखाली ठेवतात. अशा ठिकाणी ‘किमान २’ असं लिहा. ‘किमान’ हा शब्द अहवालात ठेवा, तो काढला की आकडा तुम्हीच कमी करून घेतलात.

‘हे प्रवासी आहेत’ हा आक्षेप मोजतानाच मोडायचा. सामान उशाला घेऊन, बूट घालून, वेळापत्रकाजवळ पहुडलेला माणूस वगळा. अंथरूण पसरलेलं, भांडी किंवा गोणी भिंतीला लावलेली, तो घ्या. दुकानाच्या ओट्यावर मालकाच्या परवानगीने झोपणारा नोकर आणि पहारेकरी यांचा ‘कामाच्या जागी झोपणारे’ असा वेगळा रकाना. ताडपत्री बांधून राहणाऱ्या कुटुंबांचाही वेगळा, कारण त्यांना महापालिका झोपडीधारक म्हणते आणि झोपडपट्टी विभाग बेघर म्हणतो. दोन्हीकडून ढकलले जाणारे हेच.

मुलाखती निराळ्या घ्या, संध्याकाळी, जागे असताना. तीनच प्रश्न पुरे: गेल्या महिन्यात इथे साधारण किती रात्री, काम काय आणि किती वाजता निघता, निवारा कुठे आणि कसा असेल तर याल. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एका पानात मांडली तर ती जागेच्या मागणीचा कणा होतात. ‘हातगाडी कुठे लावू’ हे उत्तर फार वेळा येतं आणि आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात ते कधीच नसतं.

एक इशारा. जाहीर अहवालात ‘खांब क्र. १४ ते १९, ३२ जण’ असं छापू नका. तीच यादी घेऊन अतिक्रमण विभागाची गाडी येते. जाहीर अहवालात भागवार आकडे, नेमकी ठिकाणं फक्त आयुक्तांकडे संयुक्त पाहणीच्या मागणीसोबत. संयुक्त पाहणी झाली तर तक्त्याच्या प्रत्येक पानावर महापालिकेच्या समुदाय संघटकाची सही जागेवरच घ्या. दुसऱ्या दिवशी ‘साहेबांना दाखवून देतो’ म्हणून गेलेली पानं परत येत नाहीत.

---

उसवलेला_धागा

वरच्यात एक भर. मागणी नुसती ‘निवारा’ अशी करू नका, ‘कुणासाठी’ तेही लिहा. सगळ्यांसाठी एक निवारा म्हणजे प्रत्यक्षात पुरुषांचा निवारा होतो. फुगेवाल्या कुटुंबातला नवरा एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे असं सांगितलं की ते कुटुंब पुलाखालीच राहतं. मोजणीत कुटुंबं निम्म्याहून जास्त निघाली तर पहिली मागणी कुटुंब निवाऱ्याची, पडदे नव्हे तर पक्क्या विभाजनाची. एकट्या बायकांसाठी वेगळी इमारत, निदान वेगळा जिना आणि वेगळं प्रवेशद्वार.

---

टाचणी

निवारा मंजूर व्हायला दीड-दोन वर्षं सहज जातात. तोवर कागदपत्रांचं काम करा, ते थांबायचं कारण नाही. क्रम महत्त्वाचा.

मतदार नोंदणी सगळ्यात आधी, कारण तिथे पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ भरताना बेघर माणसाने जिथे झोपतो ते ठिकाण लिहायचं. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) त्या जागी रात्री जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहतो, आणि तसं दिसलं तर पत्त्याचा पुरावा मागत नाही. अर्ज कुठे फसतो? बीएलओ दिवसा जातो, कुणी सापडत नाही, शेरा पडतो ‘आढळ होत नाही’. अर्जासोबत एक ओळीचं पत्र जोडा: पडताळणी रात्री दहानंतर करावी. आणि ठिकाण ओळखता येईल असं लिहा, ‘पुलाखाली’ नको, ‘अमुक शाळेच्या फाटकासमोरचा पदपथ’ असं हवं.

आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. फोटोवर अर्धा शिक्का, अर्धा कागदावर. ते तीन महिनेच वैध असतं, तेव्हा आधी केंद्राची वेळ घ्या, मग प्रमाणपत्र. हाताचे ठसे हा दुसरा अडसर: हमाली, विटा, लसूण सोलणं यांनी बोटं झिजलेली असतात. डोळ्यांच्या बुबुळांवर काम होतं, पण ऑपरेटरला ते सांगावं लागतं.

बँक: कुठलाच अधिकृत कागद नसेल तर ‘छोटं खातं’ मागा. अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि फोटो, बस. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षात एकूण जमा एक लाखापर्यंत, महिन्याला काढणं व पाठवणं मिळून १० हजारांपर्यंत. ते १२ महिने चालतं. दरम्यान कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. शाखेत ‘असं काही नसतं’ हे उत्तर ठरलेलं असतं, ते लेखी मागितलं की साधारणपणे अर्ज निघतो.

दोन कायदे गटातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. पहिला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. त्याच्या व्याख्येत भीक मागणाऱ्याबरोबरच उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणाराही बसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. महाराष्ट्रात कायदा चालू आहे, आणि पहिल्याच वेळी दोषी ठरलं तर एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. म्हणून कामाचा कुठलाही कागद, मंडईतल्या आडत्याची चिठ्ठी, माथाडीचं ओळखपत्र, ई-श्रम कार्ड, जवळ असलेलं बरं. फुगे विकणाऱ्या बाईला ‘साधन नाही’ म्हणून उचललं तर फेरीवाला असल्याचा कागद तिथे उपयोगी पडतो.

दुसरा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती पोलिसांनी संरक्षणात घ्यायची, २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायची, कोठडीत ठेवायची नाही. दाखल करायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले आणि ती बेघर असेल तर तिला बेघरांसाठीच्या शासकीय व्यवस्थेत पोहोचवायचं. हे कलम निवाऱ्याच्या निवेदनात घाला. ठाणे अंमलदाराला विचारा की अशा व्यक्तीला तुम्ही आज कुठे नेता. उत्तर लेखी मिळालं तर निवाऱ्याच्या गरजेचा तो पोलिसांकडचा पुरावा.

मूल एकटं दिसलं तर १०९८ वर फोन, आणि २४ तासांत बालकल्याण समिती. त्यात स्वतःची अक्कल चालवू नये.

---

दारचा_वाटाड्या

सगळं उतरवून घेतलं. विरोधाचं मात्र अजून कुणी बोललं नाही. मंडईमागे महापालिकेची बंद पडलेली शाळा आहे, तीच जागा सगळ्यात योग्य. समोर तीन सोसायट्या. ‘निवारा हवाच, पण इथे नको’ असं आत्तापासून ऐकू येतंय.

---

जिना_नं_दोन

बंद शाळा ही उत्तम जागा असते: शौचालयं, पाणी, कुंपण आधीच आहे. विकास आराखड्यात तिचं आरक्षण शाळेचंच असेल तर वापरबदलाचा मुद्दा काढला जाईल. म्हणून मागणी ‘विद्यमान इमारतीचा वापर’ अशी करा आणि मालमत्ता विभागाचा अभिप्राय आधीच मागवा.

विरोधाबद्दल. मोठी जाहीर सभा घेऊ नका. शंभर माणसांच्या सभेत पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ‘गर्दुल्ले’ म्हणतं, आणि मग मनात पाठिंबा असलेलेही गप्प बसतात. एकेका सोसायटीच्या कार्यकारिणीकडे जा, चार-पाच जणांत बोला, आणि तत्त्वाचं नको, व्यवस्थेचं बोला. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: रात्री आवाज, घाण, बायका-मुलींची सुरक्षितता, घरांचे भाव. पहिल्या तिन्हींवर लेखी उत्तर देता येतं, चौथ्यावर वाद घालत बसू नका.

लेखी उत्तर म्हणजे: व्यवस्थापक कोण, पाळ्या तीन, प्रत्येक पाळीला काळजीवाहक हजर, फाटक मंडईच्या बाजूला, सोसायट्यांच्या बाजूचं बंद, कचरा उचलायची वेळ, तक्रार नोंदवही आणि तिच्यावर दर महिन्याला बैठक. निवारा व्यवस्थापन समिती उपजीविका अभियानाच्या योजनेतच होती. तीत राहणाऱ्यांचे प्रतिनिधी असायलाच हवेत, आणि स्थानिक रहिवाशांपैकी एक जागा सोसायट्यांना द्या. जो समितीत बसतो तो बाहेर बॅनर लावत नाही. आणि हे विचारा: ही माणसं आजही तुमच्या समोरच झोपतात, फक्त शौचालयाशिवाय. मग आक्षेप नक्की कशाला आहे?

पण खरं सांगायचं तर बहुतेक निवारे विरोधाने बंद पडत नाहीत, चालवणुकीने पडतात. चालवणाऱ्या संस्थेची बिलं सहा-सहा महिने थकतात, काळजीवाहकांचे पगार रखडतात, ती सोडून जातात, रात्री कुलूप लागतं. कार्यादेशात ‘बिल सादर केल्यापासून ३० दिवसांत’ ही अट आणि तीन महिन्यांची आगाऊ रक्कम मागा. दुसरं, दारात आधार मागणं. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठीच ही सोय. नाव, सांगितलेला पत्ता आणि अंगठा, एवढी नोंद पहिल्या रात्रीला पुरे. तिसरं, सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढणं. रात्रपाळीचा हमाल दिवसा झोपतो, आजारी माणूस जाणार कुठे? निवारा चोवीस तासांचा हे आदेशातच आहे. चौथं, सामान. माणशी कुलपाची पेटी नसेल तर माणूस आपल्या गोणीशेजारी पदपथावर झोपेल. आवारात हातगाड्यांना साखळी लावायची जागा आखून द्या.

पाचवं, ढेकूण. हसू नका, निवारा रिकामा होण्याचं हे फार मोठं कारण आहे. लाकडी खाटांच्या सांध्यांत ते बसतात, म्हणून लोखंडी खाट, भिंतीपासून वीतभर लांब. गादीला रेक्झिनचं आवरण, शिवण बंद. चादरी-ब्लँकेटं कडक गरम पाण्यात, महिन्यातून नव्हे तर माणूस बदलला की लगेच. फवारणी एकदा करून भागत नाही, अंडी वाचतात. दहा-बारा दिवसांनी दुसरी करायची, तीही सगळ्या खोल्यांत एकाच दिवशी. हे निविदेत लिहिलेलं नसेल तर होणार नाही.

---

चटई_क्षेत्र

घरांच्या प्रश्नाकडे येतो. वेगळा लढा नाही, पण बेघर म्हणजे एकच गट नव्हे हे धरून चाला.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी), सुरुवात २५ जून २०१५. तिच्या पहिल्या टप्प्यात आर्थिक दुर्बल गटाचं घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत, उत्पन्न वर्षाला तीन लाखांपर्यंत, भागीदारीतल्या प्रकल्पात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. उरलेली रक्कम लाभार्थ्याची, म्हणजे बँकेच्या कर्जाची. ज्याला छोटं खातं मिळायलाच मारामार, त्याला गृहकर्ज कोण देणार? विकत घ्यायचं घर पदपथावरच्या बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाचंही तसंच: १ जानेवारी २००० पर्यंतच्या पुराव्याला मोफत, त्यापुढे १ जानेवारी २०११ पर्यंत सशुल्क. आज काढलेलं मतदार ओळखपत्र मागच्या तारखेचा पुरावा होत नाही.

म्हणून भाड्याचं घर मागा. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, त्यात एकट्या कामगारांसाठी सामायिक निवासही बसतं. मंडईतल्या हमालाला ३० चौरस मीटरचं घर नको आहे. कामाजवळ एक खाट, पेटी, स्वयंपाकाची सोय आणि परवडेल असं मासिक भाडं हवं आहे. बाजार समिती, माथाडी मंडळ आणि महापालिका यांना एका टेबलावर आणता आलं तर हा प्रस्ताव निवाऱ्यापेक्षा लवकर पटतो, कारण भाडं येणार असतं.

कुटुंबांसाठी दुसरी वाट: वीस टक्के घरं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (मुंबईला ती लागू नाही) दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात मूळ एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या) २० टक्के इतकी घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरची, म्हाडामार्फत वाटपाची. तरतूद २०१३ पासूनची. लोकसंख्या शेवटच्या जनगणनेनुसार धरतात, तेव्हा तुमचं शहर २०११ मध्ये दहा लाखांच्या वर होतं का ते आधी बघा.

इथे गळती कुठे होते? एकाच मालकाचा ११,००० चौरस मीटरचा तुकडा ३,९०० च्या आतल्या तीन तुकड्यांत विभागून वेगवेगळे आराखडे मंजूर होतात. लहान घरांना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला द्यायचं नाही या नियमाला अंशतः भोगवटा देऊन वळसा घातला जातो. आणि महापालिका म्हाडाला कळवतच नाही.

बांधकाम परवानगी विभागाकडे एक अर्ज: २०१३ पासून मंजूर झालेल्या ४,००० चौरस मीटर व अधिकच्या प्रकल्पांची यादी, प्रत्येकात २० टक्क्यांतली घरं किती, म्हाडाला कळवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, भोगवट्याच्या तारखा. जावक क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला की पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. सर्वे नंबरची फाळणी शोधायला जवळजवळचे भूखंड नकाशावर ठेवून मालकाचं नाव जुळवा, भूमी अभिलेखात दिसतं.

---

नस्तीबंद

एक राहिलं. निवाऱ्याची मागणी पुढे सरकली की नेमकी त्याच सुमारास पुलाखाली कारवाई होते, तयारीत राहा. ‘पंधरा दिवसांची नोटीस लागते’ असं ठोकून देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा पाडकामाबाबतचा निकाल रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतच्या अनधिकृत बांधकामांना लागू नाही, त्यातच तसं लिहिलं आहे. तुमचा आधार जुना: ओल्गा टेलिस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, १० जुलै १९८५. पदपथावर राहायचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, पण उपजीविका जगण्याच्या हक्काचा भाग मानली, नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हवी असं म्हटलं, आणि पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, पदपथवासीयांना हलवू नये असं सांगितलं. नेमकं तेवढंच म्हणा.

कारवाईच्या वेळी भांडण घालण्यापेक्षा जप्तीची यादी मागा. भांडी, गोणी, औषधं आणि मुख्य म्हणजे कागदपत्रांची पिशवी ट्रकमध्ये जाते. टाचणी यांनी सांगितलेले सगळे कागद मिळाले की त्यांच्या प्रती गटाकडे ठेवा, मूळ कागद माणसाच्या अंगावर.

आणि पुलाखालच्या ‘सुशोभीकरणा’च्या कामांवर लक्ष ठेवा. जाळ्या, टोकदार दगड, कुंड्यांच्या रांगा या नावाखाली येतात. कामाचं नाव निविदा सूचनेत आधी दिसतं: ‘उड्डाणपुलाखालील जागा संरक्षित करणे’ अशा काही शब्दांत. हरकत कार्यादेश निघायच्या आत द्यायची, सोबत संयुक्त पाहणीचा सहीचा तक्ता जोडून.